तुझ्या हातच्या पेशी

ताई,

तुझ्या पुण्यानुमोदनाला कळंबची मावशी काय म्हणाली ते आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं बोलायला मी मोकळा. त्रिशरण-पंचशील झालं, फोटोपुढच्या मेणबत्त्या पंख्याच्या वाऱ्यानं विझल्या, पुन्हा लावल्या, माणसं जेवायला बसली. मी पाण्याचा जग घेऊन बायकांच्या पंगतीमागून चाललो होतो. मावशी शेजारणीच्या कानाशी लागली होती. "लंबर याचा होता वो बाई," ती म्हणाली, "अन् गेली थे." शेजारीण "हो ना वो" म्हणाली आणि तिनं वाढणाऱ्याकडे अजून बुंदी मागितली.

मला राग आला नाही. मावशी खोटं कुठं बोलली? मी शाळेत जायला लागलो तेव्हापासून आपल्या घरात हे ठरलेलंच होतं, की मी जाणारा आणि तू राहणारी. आई वाहक, बाबा वाहक, तू वाहक, आणि मी ग्रस्त. सिकलसेलच्या कार्डावर असेच शब्द असतात. बाबा तर मोठ्या हुशारीनं माझ्या आधी निघून गेले, पण त्यांचं वय तरी झालं होतं. बाकी सगळ्या घराची मांडणी माझ्या जाण्याच्या हिशोबानं केलेली. तू लग्नाचा विषय निघाला की उठून जायचीस, मिल्याकडे कोण पाहील म्हणून. मी बाभुळगावच्या स्टँडजवळ मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं, तेही बसून करायचं काम म्हणून. माझ्या मरणाची तयारी सगळ्यांनी इतकी नीट करून ठेवली होती, की तुझं मरण कुठं बसवायचं हेच आम्हाला कळेना.

आणि तू गेलीस डेंगीनं. पुण्यात, दवाखान्यात पोचायला उशीर करून. आयुष्यभर रक्ताच्या पेशींवर काम केलेली बाई रक्तातल्या पेशी कमी पडून गेली. हे कोणी गोष्टीत लिहिलं असतं तर मी म्हटलं असतं, हे लेखक काहीही लिहितात. रेशनच्या दुकानात कोणी मध्ये घुसलं तर सगळ्यांदेखत त्याची खरडपट्टी काढणारी तू. आणि इथं माझ्यापुढे बिनदिक्कत घुसलीस.

लोक विचारतात, तुमची ताई नेमकं काय करायची? मी सांगत नाही. सांगितलं तर त्यांच्या डोळ्यांत पाणी येईल आणि ते पाणी मला नको आहे. पण तुला तरी एकदा माझ्या तोंडून ऐकवतो, कारण तू मला कितीतरी वेळा समजावून सांगितलंस आणि मी दरवेळी तोंड वाकडं करून ऐकलं. मला कळत नव्हतं असं समजू नकोस. सगळं कळत होतं.

तू माझ्या दंडातून रक्त काढून नेलंस. त्यातल्या पेशींना मागं नेलंस, पार आईच्या पोटात असताना असतात तितक्या मागं. मूलपेशी. ज्यांनी अजून काहीच ठरवलेलं नसतं, रक्त व्हायचं की हाड व्हायचं की काळीज. त्यांना तसंच राहू द्यायला एक प्रथिन लागतं. माणसाच्या अंगात ते असतंच, पण त्यासाठी माणसं पिळता येत नाहीत. म्हणून माणसाचं जनुक जंतूत घालायचं आणि जंतूकडून ते बनवून घ्यायचं. एफजीएफ-टू. कुपीच्या तळाशी चिमूटभरही नाही अशी पांढरी भुकटी, दिसली तर दिसली. ते पेशीला बाहेरून सांगतं, वाढ, पण आहेस तशीच राहा, एवढ्यात काही होऊ नकोस. आणि गंमत अशी की पेशींना अंगासारखी ऊब लागते, नि त्याच उबेत हे प्रथिन टिकत नाही. म्हणून रोज ताजं घालायचं. दिवाळी असो, चौदा एप्रिल असो, कोणाचं मयत असो.

आईला तू हे सांगत होतीस तो दिवस मला पक्का आठवतो. आई भाजी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे सांगावा देते थे."

"हो आई. सांगावाच. अन् थो रोज द्या लागते."

"रोज काहून? एकदा सांगतलं का समजत नाई त्याइले?"

"इसरतेत."

"मंग तुह्यावाणीच हायेत. तुले बी रोज सांगा लागते का घरी ये म्हनून."

तू हसलीस. मी पण हसलो. आई हसली नाही. तेव्हापासून आपल्या घरात त्या प्रथिनाचं नाव सांगावा पडलं. तुमच्याकडे ते बर्फाच्या पाकिटांमध्ये बसून, थर्मोकोलच्या डब्यातून यायचं. तसला एक रिकामा डबा तू कौतुकानं घरी आणलास. गार ठेवण्यासाठी बनवलेला डबा आईनं थंडीत विरजणाचं पातेलं उबेत ठेवायला घेतला, आणि दही असं लागलं की शेजारणी बघायला आल्या. तो डबा अजून चुलीशेजारच्या कोपऱ्यात आहे. आईनं त्याला आता फडकं पांघरलं आहे.

चौदा एप्रिलचं म्हणालो, कारण ते मला अजून गिळता आलेलं नाही. कुठं कुठं गेलेली माणसं त्या दिवशी बाभुळगावात येतात. सुरतहून येतात, मुंबईहून येतात, ज्यांना मालक सुट्टी देत नाही ते नोकरी सोडून येतात. नवीन पांढरी साडी नेसलेल्या बायका, मिरवणूक, निळ्या झेंड्यांनी भरलेला रस्ता. आई दरवर्षी तुझ्यासाठी साडी आणून ठेवायची आणि दरवर्षी तू फोन करायचीस, की पेशी लावल्यात, जमत नाही. आई त्या साड्या ट्रंकेत ठेवत गेली. त्यातली एक शेवटी तू गेल्यावर तुझ्या अंगावर घातली. घडीची खूण तशीच होती.

घरचा गणपती सोडून गावच्या गणपतीला आरत्या म्हणणारे लोक असतात, तसं तुझं आहे, असं मी तुला एकदा म्हणालो होतो. तू म्हणालीस, आपण बौद्ध असून गणपतीच्या उपमा कायले देऊन राह्यला? उत्तर द्यायचं नसलं की तू माझ्या उपमेला धरायचीस.

आणि तुझा तो रोजचा फोन. सकाळी पेशींना घालून झालं की दुकानात फोन यायचा. नमस्कार नाही, कसा आहेस नाही. "तुह्या पेशी जेवल्या. तू जेवला काय?" एवढंच. पुण्यात इतकी वर्षं राहून तू इंग्रजीत भाषणं करायचीस, पण माझ्याशी बोलताना तुझी जीभ बाभुळगावचीच राहिली, हे कबूल केलं पाहिजे. स्पीकरवर फोन असायचा, कारण माझ्या हातात स्क्रूड्रायव्हर असायचा. गिऱ्हाईकं ऐकायची. एकानं मला गंभीरपणे विचारलं होतं, "ताईनं काय पाळलं हाये तिकडं?" मी म्हटलं, मलाच पाळलं आहे. तो हसला. त्याला वाटलं मी मस्करी करतोय.

जेवलो असं मी रोज सांगायचो. बहुतेक वेळा जेवलेलो नसायचो. तुझ्या पेशींना भूक लागायची वेळ ठरलेली होती, माझी नव्हती.

माझ्यावर तुझे उपकार विसरल्याचा आरोप मी येऊ देणार नाही, तेवढा मी कृतघ्न नाही. लहानपणी थंडीत माझे पाय दुखायला लागले, की विटा चुलीत तापवून फडक्यात गुंडाळून तूच माझ्या पायांशी ठेवायचीस. आई शेतावर मजुरीला, बाबा एसटीच्या ड्युटीवर. मी ओरडायचो आणि तू हाताशी येईल ते पुस्तक मोठ्यानं वाचायचीस, मला वेगळं काही ऐकू यावं म्हणून. एकदा हाताशी तुझं विज्ञानाचं पुस्तक आलं आणि तू पेशीचा धडा वाचलास. केंद्रक, पेशीपटल, पेशीद्रव. माझं दुखणं थांबेपर्यंत तोच धडा पुन्हा पुन्हा. पुढं शाळेत मला तो कोणी शिकवायची गरज पडली नाही. मला वाटतं तुलाही पेशींचा नाद तिथंच लागला. म्हणजे तुझी सगळी विद्या माझ्या ओरडण्यातून निघाली, आणि मग त्या विद्येनं तुला माझ्यापासून उचलून नेलं. आता मी कोणाला शिव्या द्यायच्या ते सांग.

आपल्यातलं खरं भांडण कुठलं ते तुला माहीत आहे. रक्त द्यायच्या आधी तू मला सगळं संमतीपत्र वाचून दाखवलंस आणि विचारलंस, काही विचारायचं आहे का. मी विचारलं, "यातून मी बरा होईन काय?"

तू एक क्षणही घेतला नाहीस. "तू नाई होणार, मिल्या. लय टाइम हाये त्याले. तुयानंतर जे येतीन, त्याइचं काहीतरी होईन."

मी सही केली. पण मला सांग, खोटं बोलली असतीस तर तुझं काय गेलं असतं? झाडपाला देणारे माझ्याशी खोटं बोलले. तेल लावणारे बोलले. तुझ्याच मूलपेशींचं नाव घेऊन सुई टोचतो, महिन्यात पळायला लागशील, असं सांगणारेही भेटले. परकी माणसं माझ्यासाठी एवढं करतात आणि सख्खी बहीण असून तुझ्याच्यानं एक 'बघू या' म्हणवलं नाही. नंतर हा विषय निघाला की तू म्हणायचीस, माझ्या कामात खोटं चालत नाही. मी म्हणायचो, मी तुझं काम नाही. यापुढे आपण कधी गेलोच नाही.

आणि दुसरं भांडण यवतमाळच्या दवाखान्यातलं. माझा खुबा धरला होता, सलाईन चालू होतं, श्वास घ्यायला बरगड्या नको म्हणत होत्या. तू पुण्याहून ट्रॅव्हल्सनं आलीस, सकाळी माझ्याशेजारी बसलीस आणि दुपारी बॅगेची चेन लावायला लागलीस.

"रविवारची पाळी मायी हाये," तू म्हणालीस. "दुसरं कोनी नाई."

"सुट्टी टाक."

"पेशीले सुट्टी नसते रे."

"कोनाच्या पेशी?"

"तुह्याच ना."

"मंग हा कोनाचा हाये?" मी म्हणालो आणि दुखत्या खुब्यावरच हात मारला. पलीकडच्या खाटेवरचे म्हातारे उठून बसले. तू उठलीस. मग गरम पाण्याची पिशवी पुन्हा भरून आणलीस, ती खुब्याखाली सरकवलीस, प्यायच्या पाण्याची बाटली माझ्या हाताला लागेल अशी ठेवलीस आणि गेलीस. माझ्याच पेशी सांभाळायला तू माझ्यापासून निघून गेलीस. मी त्या वॉर्डात नंतरही जाऊन आलो, ती खाट दिसली की मला तो प्रश्न तिथंच पडलेला दिसतो.

तुझा शेवटचा फोन आला तेव्हा दुकानात एक बाई बसल्या होत्या. त्यांच्या फोनमध्ये पाणी गेलं होतं आणि त्यात नातवाचे फोटो होते, त्यामुळे त्या माझ्या हातांकडे डोळ्यांत प्राण आणून बघत होत्या. तुझा आवाज घोगरा होता.

"तुह्या पेशी जेवल्या. तू जेवला काय?"

"हो. आवाज काहून असा येऊन राह्यला?"

"एसीचा हाये. चाल, ठेवतो."

आणि ठेवलास. मला त्याचं काही लागून राहिलेलं नाही. शेवटचा आहे हे ना तुला माहीत होतं ना मला, आणि त्या बाईंचे फोटो परत आले. पण एक गोष्ट आता माझ्या लक्षात येते. एसीचा नव्हता तो आवाज. तुझ्या अंगात ताप होता. म्हणजे खोटं बोलायला तुला येत होतं, ताई. चांगलं येत होतं. फक्त मला हवं होतं तेव्हा बोलली नाहीस आणि नको होतं तेव्हा बोललीस.

हे मला कसं कळलं, तर रेश्मा मॅडम आल्या होत्या, तुझ्या प्रयोगशाळेतल्या. पुण्यानुमोदनासाठी एवढा प्रवास करून आल्या, पंगतीत बसल्या, आपल्या आईच्या पाया पडल्या. माणसं गेल्यावर त्या थांबल्या. आई, मी आणि त्या, असे आम्ही तिघं पुढच्या खोलीत बसलो. तुझा फोटो भिंतीला टेकवून ठेवलेला होता. त्या बराच वेळ पदराचं टोक गुंडाळत होत्या. मग म्हणाल्या, "मिलिंददादा, ताईंनी तुम्हाला सांगितलं नसेल. त्यांना पक्कं झाल्यावर सांगायचं होतं."

आणि त्यांनी सांगितलं. तू माझ्या पेशींतली ती चूक दुरुस्त केली होतीस. सगळ्या नाही, थोड्याशा. प्लेटच्या दोन छोट्या वाट्यांमध्ये माझ्या पेशी वाढत होत्या, सगळ्या बाजूंनी माझ्याच, फक्त सिकलसेल नसलेल्या. अजून नाजूक होत्या. गोठवून ठेवण्याइतक्याही झाल्या नव्हत्या. त्यामुळे एक दिवसही सांगावा चुकवून चालणार नव्हतं. "ताईंना ताप होता," मॅडम म्हणाल्या. "मी म्हटलं, मी घालते, तुम्ही डॉक्टरकडे जा. तर म्हणाल्या, या वेळी माझ्याच हाताला राहू दे. रोज यायच्या. खुर्चीला धरून उभ्या राहायच्या. आणि म्हणायच्या, मिल्याच्या तोंडावर एकदा नाही म्हटलंय, आता त्याला अर्धवट हो म्हणायचं नाही."

आईनं तुझा फोटो भिंतीला नीट टेकवला.

मॅडमना पुढं विचारायचं होतं. आता त्या पेशींचं काय? ताई गेल्यापासून त्याच रोज घालत होत्या, आज दुसऱ्या कोणाला सांगून आल्या होत्या. "पण रक्त तुमचं आहे. आमच्या प्रयोगशाळेचे सर म्हणाले, घरच्यांची इच्छा नसेल तर आपण थांबवू. तुम्ही म्हणाल तसं."

"टाकून द्या," मी म्हणालो.

त्यांना वाटलं मला समजलं नाही. त्या पुन्हा सांगायला लागल्या. मी म्हटलं, मला सगळं समजलं आहे. मॅडम, त्या दोन वाट्यांनी माझी बहीण खाल्ली. अंगात ताप घेऊन ती त्यांना खाऊ घालायला उभी राहिली आणि त्या जेवत राहिल्या. माझ्या आहेत ना? मग मी सांगतो, टाकून द्या. मला बरं करायच्या नव्हत्याच त्या, ते तिनंच सांगितलं होतं. ज्यांच्यासाठी आहेत त्यांनी यावं आणि आपापलं रक्त द्यावं.

आई उठली. मला वाटलं आत जाऊन रडेल. ती स्वयंपाकघरातून लिंबाच्या लोणच्याची बरणी घेऊन आली आणि माझ्यापुढं फरशीवर ठेवली. उन्हाळ्यात तू दोन दिवस आली होतीस तेव्हा घातलेलं. निम्मं उरलं आहे.

"हे कोनाच्या हातचं हाये?" आई म्हणाली.

"ताईच्या."

"आज एवढी पंगत उठली. मी हे वाढलं काय कोनाले?"

"नाई."

"मावशीनं मांगतलं बी होतं. तरी नाई वाढलं. अन् तू तिच्या हातचं टाकून द्या म्हनून राह्यला?"

"आई, थे लोनचं नोहे."

"मले शिकवू नको. मले माईत हाये थे लोनचं नोहे. लोनच्याले रोज सांगावा द्या नाई लागत." तिचा आवाज पहिल्यांदा फाटला. "रक्त तुहं असन रे. पन हात तिचे हायेत. पोरगी गेली म्हनून तिच्या हातचं बी मारतं काय?"

आपल्याकडे हे असंच आहे, तुला माहीत आहे. माणूस गेलं की त्याच्या हातचं घरात काय काय उरलं आहे ते आधी शोधतात. पापड, कुरडया, लोणचं, अर्धवट शिवलेली गोधडी. खायचं नाही, वापरायचं नाही, पण टाकायचं तर मुळीच नाही. बाबांच्या हातचं काही उरलं नव्हतं, म्हणून आईनं त्यांनी बांधलेली दोरीची गाठ खुंटीला तशीच ठेवली होती. मला तेव्हा त्याचं हसू आलं होतं.

मी मॅडमना विचारलं, "सांगावा नाही दिला तर मरतील?"

"सांगावा?"

"ते प्रथिन."

"लगेच नाही मरत," त्या म्हणाल्या. "आधी भरकटतात. एक काही व्हायला लागते, दुसरी आणखी काही. एकदा तसं झालं की ताईंनी केलेलं सगळं गेलं. परत मागे आणता येत नाहीत."

मी आपल्या घराकडे बघितलं. तू गेल्यापासून आई भाजीत मीठ घालायला विसरते किंवा दोनदा घालते. मी गिऱ्हाइकांचे फोन उघडतो आणि काय बिघडलं होतं ते विसरून जातो. मी मॅडमना म्हणालो, "चालू ठेवा."

आता लगेच खूश होऊ नकोस. तुला माफ केलं म्हणून हो म्हटलं असं समजायचं कारण नाही. आईसाठी म्हटलं. आणि खरं सांगायचं तर मत्सरानं म्हटलं. त्या वाटीतल्या मिल्याची मला चीड येते. त्याचा खुबा धरत नाही. थंडी पडायला लागली की त्याच्या पोटात गोळा येत नाही. त्याला तू मिळालीस, रोज मिळालीस, तापानं फणफणत होतीस तेव्हाही उभी मिळालीस. मला फोन मिळाला. त्याच्यावर तुझा एवढा जीव, तर तो कसा निघतो ते मला बघायचं आहे. तुझ्या मेहनतीवर पाणी सोडून मी त्याला इतक्या सहज सुटू देणार नाही.

एवढं भांडून झाल्यावरही तुझ्या त्या जुन्या उत्तरातला एक शब्द मला आता छळतो. तुयानंतर जे येतीन, म्हणाली होतीस. मी गेल्यावर. तू गेल्यावर काय, याचा शब्द तुझ्या हिशोबात नव्हता, माझ्याही नव्हता. आता मीच तुझ्यानंतरचा झालो आहे. मला हे काम दिलं कोणी? मी अर्ज केला नव्हता.

मॅडम निघताना मी त्यांना एक अट घातली. रोज घालून झालं की मला कळवायचं. त्यांनी मान डोलावली. त्यांना वाटलं असेल, माणूस हिशोबी आहे, आपल्या रक्तावर नजर ठेवून आहे. वाटू दे.

त्या शब्दाच्या पक्क्या निघाल्या, ताई. रोज कळवतात. मघाशी फोन आला. मी स्पीकरवर टाकला, हातात कोणाचा तरी फोन उघडलेला होता. "मिलिंददादा, घालून झालं," त्या म्हणाल्या. शुद्ध बोलतात, सावकाश बोलतात. "आज पुष्कळ चांगल्या दिसतायत. उद्या-परवा थोड्या गोठवता येतील असं वाटतं." मी बरं म्हटलं. त्यांनी लगेच फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. याच्यापुढं अजून एक वाक्य असतं, ते त्यांना माहीत नाही, आणि मी त्यांना सांगणार नाही. दुसऱ्या कोणाच्या तोंडून मला ते ऐकायचं नाही. मग त्यांनी "ठेवते हं" म्हटलं.

दुपार कलली आहे. समोरच्या स्टँडवरून यवतमाळची गाडी निघून गेली. आईनं दिलेला डबा काउंटरवर तसाच आहे, आज तिनं त्यात तुझं लोणचं घातलं आहे, झाकण न उघडता वासावरून कळतं. इतके दिवस कोणाला वाढलं नाही, आणि आज मला न सांगता मला दिलं.

ताई, तुह्या पेशी जेवल्या. मी जेवलो नाई.